पोटातली फट
(शिराळा इथं तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



आज एका इंग्रजी पिक्चरवर बोलणार आहे. मी समीक्षक नाही. मॅट्रिक झालेला गोदी कामगार आहे, कविता लिहितो. पण हा पिक्चर पंडितांच्या ताब्यात सोडायला मी तयार नाही.

'व्हिडिओड्रोम', साल १९८३, दिग्दर्शक कॅनडाचा डेव्हिड क्रोनेनबर्ग. टोरांटोत मॅक्स रेन फुटकळ टीव्ही चॅनेल चालवतो. धंदा नागडेपणाचा न् मारामारीचा. त्याला एक चोरटा कार्यक्रम गवसतो. त्यात गोष्टच नाही. एक खोली, माणसाला बडवतात, बस्स. सांगतात, हे मलेशियातनं येतं. निघतं अमेरिकेतल्या पिट्सबर्गमधनं! घाण घरची, बोट गरीब मुलखाकडं. ही चाल आपल्याला पाठ आहे.

बघता बघता मॅक्सच्या मेंदूत गाठ वाढते, पोटाला फट पडते. एक कंपनी गरीब देशांसाठी स्वस्त चष्मे काढते आणि नाटोसाठी क्षेपणास्त्रांची यंत्रणा. तिचा प्रमुख त्या फटीत कॅसेट कोंबतो. मॅक्स हुकमानं माणसं मारतो. पिस्तूल न् हात एक होतात. लोकांना याची किळस येते म्हणे. मला नाही आली. दिवसभर आकडा धरलेला हात रात्री भाकरीवरही वाकडाच राहतो.

याच पिक्चरात एक मिशन आहे. रस्त्यावरच्या भणंगांना तिथं टीव्हीपुढं बसवतात. म्हणजे ते समाजात परत येतील! आपल्या वस्तीत नळाला पाणी नाय, पण मोबाईलला रेंज हाये. आपलं मिशन हेच.

तुमच्या शिराळ्याची नागपंचमी जगभर गाजली. फोटोवाले, कॅमेरेवाले आले. पुढं कायद्यानं न् हायकोर्टानं जिवंत नागांच्या खेळांवर बंदी आणली. नागाला बाहेरचे कान नसतात. पुंगी हलेल तिकडं तो फणा वळवतो, आपण म्हणतो डोलला. दोस्तांनो, पडद्यापुढं आपण वेगळं काय करतो?

११ जुलै २०१६. गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना उघडं करून, गाडीला बांधून बडवलं. मारणाऱ्यांनीच व्हिडिओ काढला, त्यांनीच पसरवला. तोच व्हिडिओड्रोम. मी तो पाहिला. पहिल्यांदा रडलो. तिसऱ्यांदा अंगठ्यानं पुढं सरकवला, खाली गाणं लागलं, ते ऐकत बसलो. त्या रात्री मी पोट चाचपून बघितलं. फट माझ्याही पोटात होती.

मॅक्स शेवटी बंदरातल्या भंगार जहाजात शिरतो. टीव्ही दाखवतो तसं स्वतःवर गोळी झाडतो. क्रोनेनबर्ग तिथं थांबतो. आपल्याला थांबून चालणार नाही.

गुजरातेतली आपली माणसंही थांबली नाहीत. त्यांनी मेलेली जनावरं नेऊन सुरेंद्रनगरच्या कलेक्टर कचेरीपुढं टाकली. ऑगस्टात अहमदाबादेहून उनेपर्यंत चालत गेली, जमीन मागितली. तोच व्हिडिओ त्यांनीही पाहिला होता. पण पाहून ती उठली.

म्हणून सांगतो, आपल्या माणसाच्या मारहाणीचा व्हिडिओ आला तर पुढं ढकलण्याआधी गाव विचारा, पोलीस ठाणं विचारा, अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला का ते विचारा. नसेल तर चला. जाणार नसाल, तर तुम्ही फक्त कॅसेट आहात.

जय भीम.