खनिजांच्या गोळ्या : गुण आणि दोष
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



आरोग्याविषयीं दोन शब्द बोलावे अशी चालकांनीं मला आज्ञा केली. मी वैद्य नव्हें. परंतु आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्याला त्यांच्या उशाशीं काय काय असतें तें दिसतें. डॉक्टरांच्या औषधाशेजारीं कोणी शेजारणीनें सुचविलेली, कोणी परदेशांतून भावानें पाठविलेली लोहाची, कॅल्शियमची वा झिंकची गोळी तेथें हटकून आढळते. विचारलें तर उत्तर मिळतें, "फादर, हें औषध नव्हे, ही नुसती ताकद आहे." अनर्थाचें बीज या एका वाक्यांत आहे.

हीच चूक मीहि केली. गुडघे दुखूं लागले तेव्हां आपल्याच मनानें मी कॅल्शियम सुरू केलें. थायरॉइडची गोळी पहांटे घेतच होतों. सोयीसाठीं दोन्ही एकाच घोटांत गिळूं लागलों. चार महिन्यांत अंग जड झालें, आवाज बसला. रक्त तपासलें तों विकार बळावलेला! डॉक्टरांनीं मात्रा वाढविली नाहीं, एवढेंच विचारलें, "गोळी कशाबरोबर घेतां?" कॅल्शियम व लोह हीं त्या औषधाला आंतड्यांतच बांधून ठेवितात, म्हणून मध्यें निदान चार तासांचें अंतर हवें. कांहीं अँटिबायोटिक औषधांचीहि हीच गत होते.

अधिक घेतल्यानें अधिक लाभ होतो, हा दुसरा भ्रम. अमेरिकेंत ३६ हजारांहून अधिक प्रौढ स्त्रियांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष २००६ सालीं प्रसिद्ध झाला. रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम व सोबत ड जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मुतखड्याचें प्रमाण १७ टक्क्यांनीं अधिक आढळलें. झिंक दीर्घकाळ फार घेतलें तर शरीरांतील तांबें उणें होतें, आणि त्यापासून रक्तक्षय व हातापायांस बधिरता येते. मूत्रपिंडें दुबळीं असलेल्यांस तर पोटॅशियम व मॅग्नेशियम प्राणघातकहि ठरतात.

मात्र माझ्या बोलण्यानें भिऊन कोणत्याहि गरोदर भगिनीनें लोहाची गोळी टाकूं नये! सरकारी योजनेप्रमाणें तिला रोज ६० मिलिग्रॅम लोह १८० दिवस दिलें जातें, व तें योग्यच आहे. मळ काळा होतो, त्यास घाबरूं नये. मळमळ किंवा बद्धकोष्ठ झाल्यास डॉक्टरांस सांगावें. गोळी चहाबरोबर घेऊं नये. लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास ती अंगीं अधिक लागते. परंतु प्रत्येक फिकटपणा लोहाच्या उणिवेचाच असतो असें नाहीं. थॅलॅसीमियाच्या रोग्याच्या शरीरांत लोह आधींच सांठत असतें. म्हणून आधीं रक्ततपासणी, मग गोळी.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आईची हीच लाल, गुळगुळीत गोळी घरांतल्या लेंकराला गोड खाऊसारखी दिसते. मूठभर गोळ्या गिळल्या तर लहान मूल दगावूं शकतें. प्रथम उलट्या व जुलाब होतात. पुढें कांहीं तास मूल बरें झाल्यासारखें दिसतें, खेळूंहि लागतें. आणि त्यानंतर यकृत व रक्ताभिसरण ढांसळतें. हा मधला आराम फसवा आहे. त्यावर विसंबून घरीं बसूं नका. उलटी करविण्याच्या खटपटींत न पडतां, गोळ्यांचें पाकीट हातीं घेऊन तडक इस्पितळ गांठा.

तेव्हां घरीं जातांच तीन गोष्टी करा. गोळ्या कुलुपांत ठेवा. त्यांची यादी करून डॉक्टरांस दाखवा. आणि ज्या कोणी सांगितल्या हें आठवत नाहीं, त्या घेण्यापूर्वीं त्यांनाच विचारा. नाचणी, तीळ, सुकी मासळी व पालेभाजी आपल्या स्वयंपाकघरांत आहेतच. निरोगी माणसास त्यांची मात्रा सहसा चुकत नाहीं.