‘येतो’ म्हणणारा कुठे लगेच येतो?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मी तुमच्याशी बोलणार आहे ते अगदी छोट्या छोट्या शब्दांबद्दल. त्यांना शब्द तरी कसे म्हणावे? इंग्रजीतली तीन-चार अक्षरे एकापुढे एक मांडलेली, एवढेच. एलओएल, ओएमजी, बीआरबी, आयडीके. तुमच्या घरात कोणी तरुण मंडळी असतील, तर त्यांच्या मोबाइलवरच्या निरोपांत ही अक्षरे तुम्ही पाहिली असतील. याच अक्षरांनी गेल्या पावसाळ्यात मला एक अख्खी रात्र जागवले. तिथूनच सुरुवात करतो.

माझी नात बंगळुरूला नोकरीला आहे. तिला तीन दिवस ताप येत होता. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले होते आणि रिपोर्ट संध्याकाळी मिळायचा होता. इकडे साताऱ्याला आम्ही दोघे फोन समोर ठेवून बसलेलो. रात्री सव्वानऊला तिचा निरोप आला, ‘रिपोर्ट आला. एनबीडी. खूप झोप येतेय. टीटीवायएल.’

यातले टीटीवायएल मला ठाऊक होते. आदल्या दिवाळीत नातीने माझ्या डायरीच्या मागच्या पानावर अशी वीसेक लघुरूपे अर्थासकट उतरवून दिली होती. टीटीवायएल म्हणजे ‘टॉक टू यू लेटर’, नंतर बोलू. पण एनबीडी? पान दोनदा वाचले, एनबीडी काही सापडले नाही. आमच्या पिढीला रोगांची नावे अक्षरांतच कळत आलेली आहेत. टीबी म्हटले की आमच्या पोटात गोळा येतो. रिपोर्टच्या पाठोपाठ आलेली ही तीन अक्षरे मला एखाद्या रोगाचीच वाटली.

सौ. म्हणाली, “अहो, फोन लावून विचारा ना सरळ.” मी म्हणालो, “नंतर बोलू म्हणालीय ती. जरा डोळा लागला असेल, उठली की करेल. आजारी पोरीला कशाला उठवायचे?” अकरा वाजले, बारा वाजले. दीड वाजता सौ. थकून आडवी झाली. मी मात्र खुर्चीतच होतो. सकाळी सहाला मात्र राहवले नाही. फोन लावला.

“काय झालं आजोबा?” तीच घाबरली.

“एनबीडी म्हणजे काय गं?”

“नो बिग डील. म्हणजे विशेष काही नाही. साधा व्हायरल ताप आहे.”

माझा जीव भांड्यात पडला. आणि तो पडल्याबरोबर मला राग आला. “मग रात्री फोन का नाही केलास? नंतर बोलू म्हणाली होतीस ना?”

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली, “आजोबा, ते नुसतं म्हणायचं असतं हो.”

हे वाक्य मला लागले. याचे कारण म्हणजे माझा सगळा जन्म लघुरूपांतच गेला. मी तारमास्तर होतो. १९७१ साली खात्यात लागलो तेव्हा लहान गावांत अजून मोर्सचे कट्ट-कडकट्ट चालू होते. तार शब्दांवर मोजली जाई. काउंटरवर आलेला शेतकरी पेन्सिलीने एकेक शब्द खोडून पैसे वाचवायचा, आणि आम्ही आतले लोक वेळ वाचवायला अक्षरे खोडायचो. जगभरातल्या तारवाल्यांची हीच रीत. अमेरिकेतल्या वॉल्टर फिलिप्स यांनी १८७९ साली तारेने बातम्या पाठवण्यासाठी लघुरूपांचा एक कोशच तयार केला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला आजही वर्तमानपत्रे ‘स्कोटस’ म्हणतात, ते रूप त्यातलेच. निरोप संपवताना तारवाले ७३ हा आकडा पाठवत, म्हणजे ‘शुभेच्छा’. आणि ८८ म्हणजे प्रेम आणि पापे! तेव्हा अक्षरे गाळणारी ही मुले मला परकी कधीच वाटली नाहीत. ती माझ्याच धंद्यातली. म्हणूनच ‘नुसतं म्हणायचं असतं’ हे मला पटेना. तारेत नुसते म्हणायचे असे काही नसते, शब्दाला पैसे पडतात.

मग मी या अक्षरांच्या मागेच लागलो. जे हाती आले त्यातले थोडे तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, हे खूळ आजचे नाही. ज्याच्यावाचून आपले पान हलत नाही तो ‘ओके’ मुळात असाच एक विनोद होता. १८३०च्या दशकात अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मुद्दाम चुकीच्या स्पेलिंगची लघुरूपे करायची टूम निघाली होती. ‘ऑल करेक्ट’चे तसेच वेडेवाकडे स्पेलिंग करून त्याची ही दोन अक्षरे २३ मार्च १८३९ रोजी तिथल्या एका वृत्तपत्रात छापली गेली. बाकीची टूम विरली, ओके राहिला. आणि ‘ओएमजी’, म्हणजे ‘ओ माय गॉड’? ते कॉलेजच्या पोरींनी काढले असेल असे मला वाटायचे. त्याचा सर्वांत जुना ज्ञात वापर आहे ९ सप्टेंबर १९१७च्या एका पत्रात. लिहिणारे होते ब्रिटिश आरमाराचे निवृत्त प्रमुख लॉर्ड फिशर, वय वर्षे ७६, आणि पत्र होते विन्स्टन चर्चिल यांना. नवा किताब निघणार असल्याची कुणकुण लागल्यावर आजोबांनी ही तीन अक्षरे लिहिली आणि पुढे त्यांची फोडही करून दिली. म्हणजे फोड करून मागणारे म्हातारे तेव्हाही होते!

‘एलओएल’चे पूर्ण रूप ‘लाफिंग आउट लाउड’, मोठ्याने हसणे. टेलिफोनच्या तारेवरून संगणक एकमेकांशी बोलू लागले, त्या काळातले हे. १९८९ साली अशा संगणकप्रेमींच्या एका वार्तापत्रात ते नोंदलेले सापडते. त्याआधी इंग्रजीत याच तीन अक्षरांचा अर्थ ‘लिटल ओल्ड लेडी’, म्हणजे छोटीशी म्हातारी, असा होता. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाने एलओएल आणि ओएमजी या दोघांनाही मार्च २०११मध्ये पंक्तीत बसवून घेतले.

ही अक्षरे मोबाइलवर इतकी का फोफावली, याचे कारण मात्र तारेसारखेच, जागेची टंचाई. १९८५ साली जर्मनीतले अभियंते फ्रीडहेल्म हिलेब्रांट यांनी हिशेब मांडला की एका एसएमएसला १६० अक्षरे पुरेत. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. त्यात नाताळच्या शुभेच्छा होत्या. पुढे आपल्याकडे बटणांचे फोन आले, ते तुम्हाला आठवत असतील. एकेका बटणावर तीन-चार अक्षरे. इंग्रजी ‘यू’ हा शब्द तिन्ही अक्षरांनी लिहायचा तर बटण आठ वेळा दाबावे लागे. नुसते ‘यू’ हे अक्षर दोनदा दाबले की काम भागे. कोण आठ वेळा दाबेल?

आणि मराठी? तिची अडचण आणखी मोठी. त्या एसएमएसमध्ये देवनागरी लिहिली की १६० अक्षरांची जागा ७०वर यायची. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जायचे. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा; यंत्राच्या हिशेबात तो अकरा जागा खातो! शिवाय कितीतरी फोनांत देवनागरी नव्हतीच. तेव्हा आपली मुले रोमन लिपीकडे आणि तिथून इंग्रजी लघुरूपांकडे वळली, ती मराठीचा कंटाळा आला म्हणून नव्हे. शब्दाला पैसे पडत होते म्हणून माझा तो शेतकरी जसे करायचा, तसेच त्यांनी केले.

यावर वडीलधारे म्हणतात की यामुळे भाषा बिघडली. टोरांटो विद्यापीठातल्या साली तालियामोंते आणि डेरेक डेनिस या अभ्यासकांनी किशोरवयीन मुलांच्या संगणकावरच्या गप्पांतले दहा लाखांहून अधिक शब्द तपासले. २००८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की अशी लघुरूपे शंभर शब्दांत तीनसुद्धा भरली नाहीत. आणि वय वाढत जाते तसा एलओएलचा वापर कमी होत जातो. ती अक्षरे आपल्या डोळ्यांत खुपतात, म्हणून जास्त वाटतात.

आता खरी गंमत पुढेच आहे. आता फोनवर जागेची टंचाई राहिलेली नाही. पानेच्या पाने लिहा, पैसे तेवढेच. अख्खी वर्णमाला बोटाखाली आहे, देवनागरीही आहे. मग लघुरूपे का गेली नाहीत? कारण दरम्यानच्या काळात त्यांनी दुसरेच काम पत्करले. जॉन मॅक्वॉर्टर नावाचे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ आहेत. २०१३मधल्या एका व्याख्यानात त्यांनी दाखवून दिले की एलओएल लिहिणारा हसत नसतो. ‘मी तुझ्याशी रागाने बोलत नाही, आपण एकाच बाजूचे आहोत’ एवढेच तो सुचवत असतो. मला चटकन आपले ‘हं’ आठवले. ‘उशीर झाला’ आणि ‘उशीर झाला हं’ यांत किती फरक आहे! कागदावर आवाज उमटत नाही. त्या आवाजाची जागा ही अक्षरे भरून काढतात.

ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांचीही यात फसगत झाली होती. रिबेका ब्रुक्स या माजी संपादिकेने मे २०१२मध्ये एका चौकशी समितीपुढे सांगितले, की निरोपाखाली ते एलओएल लिहीत, त्यांना वाटे की त्याचा अर्थ ‘लॉट्स ऑफ लव्ह’, खूप खूप प्रेम. बाईंनी खरा अर्थ सांगितल्यावर त्यांनी ते थांबवले. म्हणजे मी अगदीच एकटा नाही.

पण खरे सांगू का? माझी चूक पंतप्रधानांच्या चुकीपेक्षा वेगळी होती. त्यांना पूर्ण रूप माहीत नव्हते. एनबीडीच्या बाबतीत माझेही तसेच झाले, पण ते कोणालाही विचारून सुटले असते. टीटीवायएलचे पूर्ण रूप मला चोख माहीत होते, डायरीत लिहिलेले होते, आणि रात्रभर मला खुर्चीत बसवले ते त्यानेच. पूर्ण रूप कळले म्हणजे अर्थ कळला, असे मी धरून चाललो होतो.

हे मला कळले ते पुढे गणपतीत. नात चार दिवस घरी आली होती. निघताना पिशवी खांद्याला लावून पाया पडली आणि म्हणाली, “येते आजोबा.” मी म्हणालो, “ये.” ती उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, “आता रात्रभर दार उघडं ठेवून बसणार का?”

मी बघतच राहिलो. आपल्याकडे निघणारा माणूस ‘जातो’ कधी म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पण म्हणून कोणी त्याची वाट पाहत दारात बसत नाही. टीटीवायएल म्हणजे ‘येतो’! बस्स, एवढाच अर्थ. तो मला डायरीत कोणी लिहून दिला नव्हता, आणि लिहून देता येतो असेही नाही.

मग मला माझीच लघुरूपे दिसू लागली. आम्ही पत्रांत ‘सा. न. वि. वि.’ लिहीत आलो. साष्टांग नमस्कार, विनंती विशेष. पोस्टकार्ड लिहिताना कोणी एकदा तरी जमिनीवर आडवा पडला असेल का? आणि तारांचे काय? ‘फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली’ अशा कितीतरी तारा माझ्या हातून गेल्या. वाचणाऱ्याला ठाऊक असायचे, की बऱ्याचदा ‘सिरियस’ म्हणजे सगळे संपलेले आहे. प्रवासात माणूस कोसळू नये म्हणून तो शब्द घातलाय. तारेत नुसते म्हणायचे काही नसते, असे मी ऐटीत म्हणत होतो. पण शब्दाला पैसे पडत असतानाही आपल्या लोकांनी एक दयाळू खोटा शब्द विकत घेतला होता, आणि तो मी स्वतःच्या हाताने पाठवला होता.

म्हणून आता माझी तक्रार राहिलेली नाही. एकच विनंती मात्र मी नातीला केली. आमच्या तारेत एक नियम होता. मजकुरात आकडे असले, की ते शेवटी पुन्हा पाठवायचे. बाकी कितीही काटकसर करा, पण जे चुकले तर माणसाचे नुकसान होईल, ते दोनदा सांगा. तोच नियम आम्ही घरात लावला. वाढदिवसाला एचबीडी लिही, सकाळी जीएम लिही, हसलीस तर एलओएल लिही, न हसताही लिही. पण आजारपण, पैसे, प्रवासाची वेळ आणि कोणाच्या घरचे दुःख, या चार गोष्टी पूर्ण शब्दांत. आणि मीही कबूल केले, की जे कळणार नाही ते लगेच विचारीन. खुर्चीत बसून अर्थ लावत राहणार नाही.

परवा तिने पुन्हा रक्त तपासून घेतले. निरोप आला, आणि चक्क देवनागरीत, ‘रिपोर्ट पूर्णपणे नॉर्मल आहे. पुन्हा सांगते, पूर्णपणे नॉर्मल आहे. रविवारी सकाळी नऊला फोन करते. ता. क. टीटीवायएल.’

मी उत्तर पाठवले, ‘ओके. ७३.’ त्याचा अर्थ आता तिला विचारावा लागत नाही.

तेव्हा श्रोतेहो, येतो. नमस्कार.