ताटात मटण किती, उडीद किती?



खानदेशात पाहुणा आला की काळ्या मसाल्याचे मटण व कळण्याची भाकरी ठरलेलीच. मटणातून उत्तम प्रथिने, लोह व बी-१२ जीवनसत्त्व मिळते. परंतु त्यातील चरबीने कोलेस्टेरॉल वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली बकऱ्याच्या मांसासह लाल मांस ‘बहुधा कर्करोगकारक’ ठरविले. म्हणून मटण सणासुदीलाच, चरबी काढून, तर्री कमी ठेवून खावे.

एरवी कळण्याच्या भाकरीवर भर द्यावा. ज्वारीत कमी असलेले लायसिन तिच्यातील उडीद पुरवतो. १०० ग्रॅम उडदात सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. बी-१२ साठी दूध, अंडी किंवा मासे घ्यावेत. सगळा उडीद बाजार समितीत नेऊ नका. घरापुरता वर्षाचा राखून ठेवा.