रुग्णवाहिकेतील माणसाचे शिक्षण : एक तुलनात्मक विचार



आपत्कालीन वैद्यकीय सेवेतील प्रशिक्षणाच्या पातळ्यांची देशोदेशींची तुलना हा परिषदेतील या भाषणाचा विषय आहे, आणि त्याचा विचार करण्यासाठी फरीदाबादइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. उत्तरेला बदरपूरची हद्द ओलांडली की दिल्ली लागते, पूर्वेला यमुनेपलीकडे उत्तर प्रदेश सुरू होतो, आणि मथुरा रस्त्यावर अपघात कोणत्या बाजूला झाला यावर जखमीला हरियाणाची रुग्णवाहिका मिळते की दिल्लीत १९९१ पासून चाललेल्या ‘कॅट्स’ या रुग्णवाहिका सेवेची, हे ठरते. गाडीत बसलेल्या माणसाने काय शिकलेले असावे आणि त्याला स्वतःच्या हाताने काय करता यावे, याचे तिन्ही राज्यांना सारखेच बांधून ठेवणारे माप मात्र अजून अमलात आलेले नाही.

जगात या सेवेच्या दोन परंपरा ठळक आहेत. फ्रान्सच्या ‘सामू’ व्यवस्थेत दूरध्वनी केंद्रावरच डॉक्टर असतो आणि गंभीर प्रसंगी डॉक्टरांचे पथक रुग्णाच्या दारी जाते. जर्मनीतही ‘नोटआर्त्स्ट’, म्हणजे आपत्कालीन डॉक्टर, घटनास्थळी पोहोचतो. अमेरिका व ब्रिटन यांनी दुसरी वाट धरली : डॉक्टर रुग्णालयात थांबतो आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ प्रोटोकॉलनुसार, म्हणजे डॉक्टरांनी आधी लिहून ठेवलेल्या उपचारक्रमानुसार, उपचार करत रुग्णाला त्याच्यापर्यंत आणतो. ही दुसरी वाट फार जुनी नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९६६ साली अपघाती मृत्यूंवर अहवाल काढला, तेव्हा त्या देशातील जवळजवळ निम्मी रुग्णवाहिका सेवा अंत्यसंस्कार करणारे व्यावसायिक चालवत होते, कारण आडवे झोपवून नेता येईल अशी गाडी त्यांच्याकडे असे. आजची सुसज्ज व्यवस्था तिथून दोन पिढ्यांत उभी राहिली, ही गोष्ट भारताला धीर देणारी आहे.

आज अमेरिकेत चार पातळ्या आहेत : प्रथम प्रतिसादक, आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ, प्रगत तंत्रज्ञ आणि पॅरामेडिक. यांतील तंत्रज्ञाचे शिक्षण दीडशे तासांच्या आसपास, तर पॅरामेडिकचे हजार तासांहून अधिक असते. जर्मनीत ‘रेटुंग्ससानिटेटर’ ५२० तासांत तयार होतो, आणि २०१४ पासून लागू झालेल्या कायद्याने ‘नोटफालसानिटेटर’ या वरच्या पदासाठी तीन वर्षांचे, ४६०० तासांचे शिक्षण ठरवले आहे. ब्रिटनमध्ये ‘पॅरामेडिक’ हे नाव कायद्याने संरक्षित असून नोंदणीशिवाय ते कोणालाही लावता येत नाही, आणि २०२१ पासून त्यासाठी पदवीचे शिक्षण आवश्यक धरले जाते. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१८ पासून देशभर एकच नोंदणी सुरू केली.

तथापि तासांची बेरीज म्हणजे तुलना नव्हे. खरी तुलना होते ती कार्यकक्षेची, म्हणजे त्या पातळीवरच्या माणसाला कोणती कृती करण्याचा अधिकार आहे याची. छातीला मार बसून फुप्फुसाभोवती हवा कोंडली की एका बाजूची छाती श्वासाबरोबर हलेनाशी होते, मानेच्या शिरा फुगतात, रक्तदाब कोसळतो, आणि जाड सुई बरगड्यांमधून आत घालून ती हवा काही मिनिटांत बाहेर काढली नाही, तर रुग्ण रुग्णालयापर्यंत जिवंत पोहोचत नाही. ही सुई अमेरिकेतील पॅरामेडिक घालू शकतो, पण त्याच गाडीतला साधा तंत्रज्ञ नाही. ब्रिटनचा पॅरामेडिक घालू शकतो. जर्मनीत तीन वर्षे शिकलेल्या माणसालाही डॉक्टर येईपर्यंत अशी कृती करण्याचा स्पष्ट कायदेशीर आधार २०२१ च्या दुरुस्तीनेच मिळाला. आणि जपानच्या १९९१ च्या कायद्याखालील तंत्रज्ञाला ती मुभाच नाही, त्याला श्वासनलिकेत नळी घालण्याची परवानगी २००४ मध्ये आणि अॅड्रिनलिन देण्याची २००६ मध्ये मिळाली. तीच जखम आणि तीच सुई, पण अधिकार प्रत्येक देशात निराळा.

अधिक शिक्षण म्हणजे आपोआप अधिक जीव वाचणे, असेही मानता येत नाही. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातील मोठ्या अभ्यासात विजेचा झटका देऊन हृदयाची लय पूर्ववत करण्याची सोय आधीच त्वरित मिळत असलेल्या शहरांत प्रगत उपचारांची भर घातली गेली, तेव्हा हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या जगण्याचे प्रमाण ५ टक्क्यांवरून केवळ ५.१ टक्के झाले. पण श्वास कोंडलेल्या रुग्णांतील मृत्यू १४.३ टक्क्यांवरून १२.४ टक्क्यांवर आले. यावरून निघणारा बोध सरळ आहे : छाती दाबणे, रक्तस्राव थांबवणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे ही मूलभूत कौशल्ये प्रत्येक गाडीत निर्दोष असली पाहिजेत, आणि वरची पातळी जिथे तिचा उपयोग सिद्ध आहे तिथेच विचारपूर्वक उभारली पाहिजे.

महाराष्ट्राचा प्रयोग या दोन परंपरांच्या मधोमध बसतो. २०१४ साली सुरू झालेल्या १०८ सेवेत ९३७ रुग्णवाहिका योजल्या गेल्या, त्यांपैकी २३३ प्रगत आणि ७०४ मूलभूत जीवनरक्षक सोयींच्या होत्या, आणि गाडीत डॉक्टर देण्याचे धोरण स्वीकारले गेले. बाह्यतः ही रचना फ्रान्सची वाटते. पण तिकडच्या गाडीतील डॉक्टर आपत्कालीन वैद्यकात मुरलेला असतो, तर इकडे आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांनी हा भार मोठ्या प्रमाणावर उचलला आहे. पाड्यावरच्या बाळंतिणीपासून घाटातल्या अपघातापर्यंत त्यांनी केलेली सेवा आदरास पात्र आहे. म्हणूनच त्यांच्या पदवीवर वाद घालत बसण्यापेक्षा आपत्कालीन कौशल्यांची समान परीक्षा आणि ठरावीक मुदतीने फेरपरीक्षा त्यांना मिळणे, हा त्यांचा हक्क मानला पाहिजे.

देशपातळीवरचे चित्र अधिक विचार करायला लावणारे आहे. ‘एआयएस-१२५’ या राष्ट्रीय मानकाने रुग्णवाहिकांचे चार प्रकार ठरवले, त्यांची रचना आखून दिली. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ‘गोल्डन अवर’ची, म्हणजे जखमेनंतरच्या मोलाच्या पहिल्या तासाची, व्याख्या केली आणि जखमीला मदत करणाऱ्या वाटसरूला संरक्षण दिले. २००९ मध्ये आपत्कालीन वैद्यकाला पदव्युत्तर शाखा म्हणून मान्यता मिळाली. गाडी, तास, वाटसरू आणि डॉक्टर या सर्वांची व्यवस्था लागली. राहिला तो त्या तासात रुग्णाशेजारी गुडघे टेकून बसणारा तंत्रज्ञ. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने त्याचा व्यवसाय अनुसूचीत घेतला आणि पदविका-पदवीच्या शिक्षणासाठी किमान २००० तासांचे माप घातले, परंतु अंमलबजावणीसाठी सर्वोच्च न्यायालयाला ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र आणि राज्यांना मुदत घालून द्यावी लागली.

या परिषदेने म्हणून तीन मागण्या एकमुखाने मांडाव्यात. पहिली, देशभर तीन-चार पातळ्यांची एकच शिडी असावी आणि प्रत्येक पायरीची कार्यकक्षा छापील व सार्वजनिक असावी. दुसरी, आज कामावर असलेल्या तंत्रज्ञांना नोकरी न सोडता वरच्या पायरीवर जाता यावे, यासाठी अनुभव मोजणारे पूरक अभ्यासक्रम असावेत, आणि ते मराठीसह राज्यभाषांत उपलब्ध व्हावेत, कारण रुग्णाच्या नातेवाइकांशी तंत्रज्ञाला त्याच भाषेत बोलावे लागते. तिसरी, एका राज्यातील नोंदणी दुसऱ्या राज्यात ग्राह्य धरली जावी, म्हणजे बदरपूरची हद्द ओलांडताना तंत्रज्ञाचा अधिकार मागे राहणार नाही. परदेशांची नक्कल करण्याची आवश्यकता नाही. मात्र ज्या देशांत ही सेवा विश्वासास पात्र ठरली, तिथे तंत्रज्ञाला आधी नाव, मग अधिकार आणि त्याबरोबर उत्तरदायित्व मिळाले, हा क्रम भारताने आता विनाविलंब स्वीकारावा.