मॉरिशस बेट आणि तेथील मराठी माणसे

ज्या वाशीम जिल्ह्याला समुद्राचा वाराही लागत नाही, तेथील श्रोत्यांपुढे हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाची हकिकत सांगणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल; परंतु भूगर्भशास्त्राचा निर्वाळा असा की, सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी ज्या तप्त उगमातून उसळलेल्या लाव्हारसाने आपल्या काळ्या जमिनीखालचा खडक घडविला, त्याच उगमाने, भारतभूमी उत्तरेस सरकून गेल्यावर, पुष्कळ उत्तरकाळी हे बेट सागरतळातून वर आणले. विस्ताराने ते आपल्या जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. सभोवार प्रवाळाचे कडे, मध्यभागी पठार, आणि आग्नेयेच्या वाऱ्यांनी त्या पठारावर होणारी विपुल पर्जन्यवृष्टी.

या निर्मनुष्य भूमीवर डच आले आणि डोडो पक्ष्याच्या निर्वंशाला हातभार लावून १७१० साली निघून गेले. मागून फ्रेंच आले, आणि १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली खरी, पण उसाच्या मळेवाल्यांची स्वस्त मजुरांची निकड काही सरली नाही. म्हणून आदल्या वर्षापासूनच मुदतीच्या करारनाम्यांवर अंगठे उठवून घेऊन हिंदी मजुरांची जहाजे पोर्ट लुईस बंदरास लागू लागली होती. पुढे ज्या घाटावर उतरवून त्यांची नावे सरकारी दप्तरात चढविली जात, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. कलकत्ता व मद्रास यांच्या मानाने मुंबई बंदरातून गेलेले मजूर थोडे, आणि त्यांतही बहुतेक रत्नागिरीकडचे. या सर्व मजुरांनी जमिनीतून वेचून रचलेले दगडांचे ढीग उसाच्या मळ्यांतून अद्याप उभे आहेत, आणि गव्हर्नरांच्या पुतळ्यांहून मला तरी तेच अधिक वंदनीय वाटतात.

यांतील मराठी मजुरांचे वंशज आज घरी व बाजारात क्रिओल ही तेथील लोकबोली बोलतात, हे ऐकून काही सज्जनांना विषाद होतो. तो अनाठायी आहे. ज्यांच्यापाशी न पंडित होते, न राजाश्रय, त्यांनी आरती, भजन आणि कोकणची नाचगाण्याची जाखडी, जिला तेथे झाकरी म्हणतात, एवढ्या शिदोरीवर पिढ्यान्‌पिढ्या आपली भाषा जतन केली. आता ती तेथील शाळांतून शिकविली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिच्या अध्ययनाची सोय आहे, आणि १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झालेल्या त्या देशात, मराठी समाज अल्पसंख्य असूनही, गणेशचतुर्थीस सार्वजनिक सुटी असते.