येत्या आठवड्याचे हवामान आणि शेतातला कांदा



होळी झाली की आपल्या घोडकाठी कामाची झुंबड उडते. ज्वारीचा कडबा रानात, गहू कापणीला आणि उन्हाळी कांदा काढायला आलेला. नेमके याच दिवसांत आभाळ फिरते. २०१४ साली फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रात झालेली गारपीट आपण विसरलेलो नाही. तेव्हा पुढच्या आठवड्याचा अंदाज ऐकावा कसा, हे आज पाहू.

हवामान खाते दर मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या पाच दिवसांचा अंदाज व पीकसल्ला देते. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतवार अंदाजही मिळू लागला आहे. म्हणजे इनामगावचा अंदाज इनामगावच्या नावाने! पण मंडळी, गावाचे नाव आले म्हणून तो आपल्या बांधावर उभे राहून काढलेला आहे असे समजू नका. हे गणित काही किलोमीटर लांबीरुंदीच्या चौकोनांवर बसवलेले असते. पहिल्या दोन दिवसांवर बराच भरवसा ठेवावा. पाचव्या-सहाव्या दिवसाचा अंदाज म्हणजे नुसता कल. तो पुन्हा ऐकल्याशिवाय मजूर सांगून ठेवू नयेत.

‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा अर्थ त्या भागातल्या फार तर पाव ठिकाणी पाऊस. इनामगावला पडेल, न्हावऱ्याला धूळही बसणार नाही. म्हणून एकदा कोरडे गेले की ‘रेडिओवाला खोटं बोलला’ म्हणू नका. उन्हाळ्याच्या तोंडी जमीन दुपारपर्यंत तापते, समुद्रावरून आलेली दमट हवा वर चढते आणि तीन-चार वाजता ढग उभे राहतात. सकाळचे निरभ्र आभाळ पाहून निर्धास्त होणे बरे नव्हे.

पावसापाण्याचा घोर या गावाला नवा नाही. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात इथे केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीबरोबर पाणी वळवण्यासाठी खोदलेला चर आणि बांधही सापडला. त्या लोकांना अंदाज सांगणारे कोणी नव्हते!

आता कांद्याचे. निम्म्याहून अधिक माना पडल्या की कांदा काढणीस आला. पुढचे चार दिवस कोरडे सांगितले असतील तर काढून ओळीने असा पसरावा, की एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल. मग तीन-चार सेंटिमीटर नाळ ठेवून पात कापावी आणि कांदा सावलीत दहा-बारा दिवस सुकवावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वादळी पाऊस सांगितला असेल, तर घाईने सगळे रान उपटू नका. संध्याकाळपर्यंत आडोशाला नेता येईल तेवढाच काढा. ढीग ताडपत्रीने झाकला असेल तर पाऊस सरताच ती उचला. आत वाफ धरली की कांदा सडतो. भिजलेला कांदा चाळीत मुळीच भरू नये.

त्या दोन दिवसांत फवारणीही थांबवावी, औषध धुऊन जाते. कडब्याची गंज रचून वरून झाकावी. आवर्तनाचे असो वा विहिरीचे, पाणी त्या दिवशी उभ्या गव्हाला देऊ नये. ओल्या रानात वारा गहू लोळवतो.

विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोबाईलवर घ्यावे, भोवतालच्या वीस-चाळीस किलोमीटरमधल्या विजेची सूचना त्यावर मिळते. गडगडाट ऐकू आला की लिंबाच्या झाडाखाली थांबू नका, मोटार बंद करायलाही जाऊ नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घरातच राहा, जनावरे त्यानंतर सोडा.