दिसणें आणि पाहणें
(धर्मग्रामाच्या महोत्सवप्रसंगीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं देवळाच्या इतिहासावर बोलावें, अशी रीत आहे. आमच्यापूर्वीं बोललेल्या वक्त्यांनीं तें काम उत्तम रीतीनें केलें आहे. आम्ही आज एका साध्याच गोष्टीकडे आपलें लक्ष वेधणार आहों. ज्या देवळांत आपण दर रविवारीं येतों, तेथील मूर्ति व चित्रें आपणांस दिसतात खरीं. पण आपण तीं पाहतों काय?

दिसणें ही डोळ्यांची क्रिया आहे. पाहणें ही मनाची. डोळे उघडे असले कीं दिसतें. पाहण्यासाठीं मात्र थांबावें लागतें, आणि थांबणें हेंच आपणां उपनगरवासीयांस अवघड झालें आहे. अंधेरीची गाडी चुकेल, बोरिवलीच्या गर्दींत चढतां येणार नाहीं, या धास्तीनें धांवणारा मनुष्य देवळांतही धांवतच येतो. हा दोष एकट्या आपला नव्हे. न्यूयॉर्क येथील मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत प्रेक्षक एकेका कृतीपुढें किती वेळ उभे राहतात, याची मोजणी २००१ सालीं प्रसिद्ध झाली. जगद्विख्यात कृतींपुढेंही सरासरी सुमारें २७ सेकंद. निम्म्या वेळां तर १७ सेकंद किंवा त्याहूनही कमी! प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणावयास याहून अधिक वेळ लागतो.

ख्रिस्तसभेची शिकवण मात्र पूर्वींपासून निराळी आहे. इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेय येथील बिशप सेरेनुस यांनीं, लोक मूर्तींची आराधना करूं लागले म्हणून देवळांतील मूर्ति फोडून टाकल्या. तेव्हां पोप महान ग्रेगोरी यांनीं त्यांना लिहिलें, कीं आराधनेस मनाई केली हें योग्यच. पण मूर्ति व चित्रें नष्ट करणें योग्य नव्हे, कारण वाचतां येणाऱ्यास जें शास्त्र शिकवितें, तेंच न वाचतां येणाऱ्यास चित्र शिकवितें. म्हणजे चित्र हें वाचावयाचें असतें. आणि ग्रंथाच्या वेष्टनावरून नुसती नजर फिरविल्यानें ग्रंथ वाचून होत नाहीं.

उपवासकाळांतील क्रुसाच्या वाटेची भक्ति आठवा. पोप बारावे क्लेमेंट यांनीं १७३१ सालीं तिचीं १४ स्थानें निश्चित केलीं. एका स्थानापुढें थांबावें, गुडघे टेकावे, पाहावें, प्रार्थना करावी. मग चार पावलें चालून पुन्हां थांबावें. सावकाश पाहण्याची याहून उत्तम शाळा आम्हांस ठाऊक नाहीं. संत इग्नाती लोयोला यांनींही आपल्या साधनाग्रंथांत, ज्यास १५४८ सालीं पोपची मान्यता मिळाली, प्रभूच्या जन्मावर मनन करण्यापूर्वीं तें स्थळ मनापुढें उभें करावयास सांगितलें आहे: वाट किती लांब, गुहा केवढी, उंच कीं ठेंगणी. ज्यानें बाहेरचें चित्र कधीं नीट पाहिलें नाहीं, तो हें अंतरींचें चित्र कशानें रंगविणार?

दूरचे दाखले पुरे झाले. आपल्या गांवठाणांतील जुने दगडी क्रूसच घ्या. १८९६ सालीं मुंबईस प्लेगची साथ आली, त्या सुमारास भयभीत कुटुंबांनीं यांपैकीं अनेक क्रूस उभारले. रिक्षांतून जातांना आपण क्रुसाची खूण करतों आणि पुढें जातों. एकदां उतरून जवळ गेल्यास, कित्येकांवर शिडी, हातोडा, खिळे, कोंबडा अशीं प्रभूच्या दुःखसहनाचीं चिन्हें कोरलेलीं आढळतील. कोंबडा कशासाठीं, हें मुलांना विचारा. पेत्राचें नाकारणें आणि त्याचे अश्रू, ही सारी कथा त्या बोटभर दगडांत सांठविलेली आहे.

बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याचें उदाहरण अधिक कठीण आहे. सुमारें सहाव्या शतकांत शिवभक्तांनीं तें खोदविलें. सोळाव्या शतकांत फ्रान्सिस्कन संन्याशांनीं तेथें ख्रिस्तमंदिर केलें; वरच्या बाजूस त्यांनीं उभारलेल्या इमारतीचे भग्नावशेष अजून उभे आहेत. आंत नृत्य करणारा शिव आहे. बाहेरील भिंतीवर एक मोठा क्रूस आहे, आणि तो पूर्वींच्या शिल्पाच्या जागीं कोरलेला आहे. घाईनें पाहणारा येथें एक तर अभिमानानें फुगतो, किंवा रागानें लाल होतो. जो अर्धा तास उभा राहील, त्याला एकाच खडकांत दोन छिन्न्यांचे घाव दिसतील. एकाच्या भक्तीनें दुसऱ्याच्या भक्तीस केलेली जखमही दिसेल, आणि तो नम्र होऊन परतेल. शेजाऱ्यांशीं सलोख्यानें नांदूं इच्छिणाऱ्या धर्मग्रामास हा धडा लहान नव्हे.

घाईच्या दृष्टीनें आपल्याच माणसांवरही अन्याय होतो. गोव्यांतील सांतो इस्तेव्ह येथें १९०२ सालीं जन्मलेले चित्रकार आंजेलो द फोन्सेका यांनीं बंगालमध्यें जाऊन अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्यापाशीं विद्या घेतली, आणि पवित्र मरियेस साडी नेसवून ह्या देशाची माता म्हणून रंगविलें. पुष्कळांनीं एक नजर टाकली, साडी पाहिली, आणि नाकें मुरडलीं. फोन्सेका गोवा सोडून पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमांत राहिले व १९६७ सालीं मृत्यु येईपर्यंत चित्रें काढीत राहिले. आज त्यांचा मोठा चित्रसंग्रह गोव्यांत पर्वरी येथील झेवियर सेंटरमध्यें जतन केलेला आहे. पातळ जलरंगांनीं हळूहळू साकारलेलीं तीं चित्रें तितक्याच हळूहळू उलगडतात. साडीपाशीं न थांबतां जो चेहऱ्यापर्यंत व हातांपर्यंत पोंचतो, त्यालाच त्या मातेची शांति भेटते.

आतां आम्ही मुख्य मुद्द्यावर येतों. महोत्सव आला कीं देवळास रंग काढावा, जुनी मूर्ति चकचकीत करावी, काळवंडलेलें चित्र काढून नवें लावावें, अशा सूचना चोहोंकडून येतात. त्यांमागें भक्तीच असते. पण जुन्या लांकडी मूर्तीवर ऑइलपेंटचा थर चढला, कीं कारागिरानें कोरलेल्या पापण्या व वस्त्राच्या चुण्या भरून जातात. आणि मूळचा रंग त्याखालीं असला, तर तो परत मिळविणें अति कष्टाचें होतें. एका दुपारचें काम शतकांचें धन झांकून टाकतें. आपल्या पूर्वजांची वागणूक पाहा. अंधेरीपलीकडील संत योहान बाप्तिस्ता यांचें देऊळ १५७९ सालचें. १८४० सालीं साथीच्या रोगामुळें तें सोडावें लागलें, आणि आज त्याच्या भिंती सीप्झच्या आवारांत उभ्या आहेत. पण लोकांनीं गांव सोडतांना तेथील मूर्ति, स्तंभ व बाप्तिस्म्याचें कुंड मरोळच्या नव्या देवळांत नेलें. संकटकाळींही काय उचलून न्यावें हें त्यांना कळलें. नित्य पाहिल्याखेरीज असें मोल कळत नाहीं.

म्हणून ह्या महोत्सवी वर्षांत आमची आपणांस तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली, प्रत्येक कुटुंबानें महिन्यांतून एकदां मिस्सेनंतर एका मूर्तीपुढें किंवा चित्रापुढें दहा मिनिटें बसावें. मोबाइल खिशांत राहूं द्यावा. प्रथम कांहीं बोलूं नये. मग हात कसे आहेत, डोळे कोणाकडे लागले आहेत, उजेड कोठून येतो, हें पाहावें. मुलांना आधीं बोलूं द्यावें, आणि शेवटीं प्रार्थना करावी. दुसरी, घरोघरच्या वडीलधाऱ्यांनीं कोणती वस्तु कोणी दिली, कोठून आली, हें आठवून लिहून ठेवावें. हीं माणसें गेलीं कीं ती आठवणही जाईल. तिसरी, जाणकारास दाखविल्यावांचून कोणतीही जुनी वस्तु रंगवूं नये व टाकूं नये. गोरेगांव येथें आपल्या महाधर्मप्रांताचें वारसा-संग्रहालय आहे. तेथें जाऊन एकदां पाहिलें, तर आपल्या कपाटांत काय पडून आहे याची जाणीव होईल.

कोणी म्हणेल, गरिबांची सेवा सोडून चित्रें काय पाहावयाचीं? आमचें उत्तर असें, कीं लाकडाच्या ख्रिस्तापुढें दहा मिनिटें थांबावयास जो शिकला, तो दाराशीं आलेल्या दुःखितापुढेंही थांबेल. आणि जो कोठेंच थांबत नाहीं, त्याला दोघेही नुसते दिसतच राहतील.

परमेश्वर आपणां सर्वांस पाहणारे डोळे देवो, इतकें मागून आम्ही आपली रजा घेतों.